उकळी आली, आता गॅस बारीक करा!

मैत्रिणींनो, सकाळची घाईची वेळ आहे. डबे व्हायचे आहेत. एका शेगडीवर बटाटे उकडताहेत, दुसरीवर चहा ठेवलाय. बटाट्यांचं पाणी चांगलं खदखदतंय आणि गॅस मात्र मोठा तो मोठाच. का, तर लवकर शिजावेत म्हणून! आतून सासूबाईंचा आवाज येतो, "अगं, उकळी आली ना? मग बारीक कर की!" तुमच्या मनात येतं, यांच्या काळची ही काटकसर, इथे मला गाडी गाठायची आहे.

या वादात शास्त्र सासूबाईंच्या बाजूचं आहे बरं का! आज तेच पाहू या. आणि त्या ओघात वाफेच्या आणखी काही गोष्टी, ज्या हात भाजण्याआधी ठाऊक असलेल्या बऱ्या.

समुद्रसपाटीच्या गावात उघड्या पातेल्यातलं पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं. एकदा उकळायला लागलं की ज्योत दुप्पट करा नाही तर चौपट करा, पाणी १०१ अंशांवर जात नाही. बटाटा शिजतो तो पाणी किती तापलं आहे त्यावर, ते किती आवाज करतं त्यावर नाही. मंद उकळीत आणि धो धो उकळीत तो सारख्याच वेळात शिजतो. मग मोठ्या ज्योतीची ती जादा उष्णता जाते तरी कुठे?

त्यासाठी पाण्याच्या आत डोकवायला हवं. पाणी म्हणजे असंख्य अतिसूक्ष्म कणांचा मेळावा. मुलांच्या पुस्तकात त्यांना रेणू म्हणतात. हे कण एकमेकांना धरून असतात आणि कधीच स्वस्थ नसतात. बर्फात ते पंगतीला बसलेल्या बायकांसारखे असतात: जागा ठरलेली, पाट सोडायचा नाही, फक्त जागच्या जागी चुळबूळ. उष्णता मिळाली की चुळबूळ वाढते, शेवटी पंगत मोडते आणि बर्फाचं पाणी होतं. पाण्यातले कण म्हणजे हळदीकुंकवाची गर्दी. एकमेकींना खेटून, पण इकडून तिकडे सारखी ये-जा. आणखी उष्णता द्या, ही ये-जा वाढत जाते. कणांची सरासरी धावपळ वाढणं यालाच आपण 'पाणी तापलं' म्हणतो.

आता घरी निघायची वेळ. हळदीकुंकवाहून निघणं किती सोपं असतं ते मी सांगायला नको! कुंकू लावून झालं, वाण घेतलं, तरी उंबऱ्यात उभं राहून बोलणं होतंच. जितका वेळ आत बसलो त्याहून जास्त वेळ निरोप घेण्यात. पाण्याच्या कणांचंही तसंच आहे. १०० अंशांना पोचल्यावर मिळणारी सगळी उष्णता शेजारणींचे हात सोडवण्यात खर्च होते. धावपळ वाढवायला त्यातली काही उरत नाही, म्हणून उष्णतामान तिथेच थांबतं. हात सुटले की कण मोकळा होऊन उडून जातो. तीच वाफ.

हा 'निरोपाचा खर्च' केवढा असतो, ते स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅक या प्राध्यापकाने १७६० नंतरच्या दोन-तीन वर्षांत दाखवून दिलं. त्याची रीत अगदी आपल्या स्वयंपाकघरात शोभणारी होती. सारख्या आचेवर पाणी ठेवायचं, उकळी यायला किती मिनिटं लागली ते टिपायचं आणि पुढे ते पाणी पुरतं आटायला किती लागली तेही टिपायचं. उकळी पटकन आली. आटायला मात्र त्याच्या कितीतरी पट वेळ लागला. आणि त्या सबंध वेळात पाण्याचं उष्णतामान तसूभर वाढलं नाही. वाफेत लपून बसलेल्या या उष्णतेला त्याने 'सुप्त उष्णता' म्हटलं. पुढे वाफेच्या इंजिनात मोठी सुधारणा करणारा जेम्स वॅट हा त्याचाच मित्र.

आजचा हिशेब असा. एक लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत आणायला उष्णतेची ७५ मापं लागतात असं धरा. तेच पाणी सगळं वाफ करून उडवायला लागतात ५४०! म्हणजे मोठ्या ज्योतीवर खदखदत ठेवून तुम्ही पाव लिटर पाणी उगीच उडवलंत, तर तेवढ्या उष्णतेत जवळजवळ पावणेदोन लिटर पाणी उकळीला आलं असतं. सिलिंडर महिनाअखेरीला का पुरत नाही, याचं थोडं उत्तर इथे आहे. म्हणून उकळी येईपर्यंत हवी तर ज्योत मोठी ठेवा. उकळी आली की वर झाकण आणि खाली बारीक गॅस. झाकणाला लागून वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि ते आतच पडतं.

अपवाद आहेत. बासुंदी आटवायची, आमटी दाट करायची, पाक करायचा, तिथे पाणी उडवणं हेच काम असतं. पाकाची तर गंमतच आहे. पाणी कमी होत जातं तसा तो १०० अंशांच्या वर वर तापत जातो, म्हणून पाकाचा थेंब अंगावर पडला तर उकळत्या पाण्यापेक्षा जास्त भाजतो आणि चिकटून बसतो तो वेगळाच. अनारशाच्या नाही तर लाडवाच्या पाकाशेजारी मुलांना फिरकू देऊ नये.

वरती मी 'समुद्रसपाटीच्या गावात' असं म्हटलं, ते उगीच नाही. आपल्या डोक्यावरची हवा पाण्याला वरून दाबून धरते. उंचावर ती विरळ, दाब कमी, त्यामुळे कणांना निसटणं सोपं जातं. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटर उंचीवर आहे. तिथे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. सहलीला गेल्यावर उघड्या पातेल्यातली डाळ शिजता शिजत नाही, आणि आपण दोष देतो डाळीला!

याच्या बरोबर उलट कुकर. वाफ कोंडून दाब वाढवला की आतलं पाणी १२० अंशांच्या आसपास जाऊन उकळतं आणि पाऊण तासाचं काम पंधरा-वीस मिनिटांत होतं. ही युक्ती डेनी पापँ या फ्रेंच गृहस्थाची. लंडनमध्ये १६७९ साली त्याने असं भांडं करून दाखवलं. त्यात हाडंसुद्धा मऊ शिजत. भांडं फुटू नये म्हणून जादा वाफ सोडून देणारी झडपही त्यानेच बसवली. आपल्या कुकरची शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह यांचं मूळ तिथलं. तेव्हा व्हॉल्व्ह सैल झाला तर त्या जागी भलतंसलतं काही बसवून काम भागवू नका; त्याच कंपनीचा व्हॉल्व्ह आणा. शिट्टीचं भोक रोज उजेडात धरून पाहा, डाळीची सालं अडकलेली असतात. आणि एक. दर शिट्टीला ती महागाची वाफ बाहेर जाते. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून मिनिटं मोजा. 'पाच शिट्ट्या', 'सात शिट्ट्या' हे माप मला काही पटत नाही. कुकरच्या पुस्तिकेतही बहुधा मिनिटंच दिलेली असतात.

कुकर घाईने उघडू नये, याचं कारणही आता लक्षात येईल. आतलं पाणी १०० अंशांच्या वर आहे, ते केवळ दाबामुळे पाणी राहिलं आहे. झाकण ओढून काढलंत की दाब एकदम जातो, पाण्याचा काही भाग त्याच क्षणी वाफ होतो आणि डाळीसकट तोंडावर येतो. प्रेशर आपोआप उतरू द्यावं. घाई असेल तर शिट्टी जरा उचलून पाहावी. फुस्स आवाज आला तर थांबावं.

वाफेचं भाजणं पाण्याच्या भाजण्यापेक्षा वाईट. उकळतं पाणी कातडीवर पडलं तर ते निवताना जेवढी उष्णता देतं, त्याच्या जवळजवळ दहापट तेवढ्याच वजनाची वाफ देते. निरोपाला खर्च झालेली ती सगळी उष्णता, वाफेचं पुन्हा पाणी होताना तुमच्या हातावर परत येते. शिवाय खरी वाफ दिसत नाही. किटलीच्या तोटीशी बोटभर मोकळी जागा दिसते ना, वाफ ती. पुढे जो पांढरा ढग दिसतो ते निवालेलं बारीक तुषार पाणी. म्हणून मोदकपात्राचं, इडलीपात्राचं झाकण आपल्याकडची कड खाली ठेवून, पलीकडची उचलून काढावं, म्हणजे वाफ पलीकडे जाईल.

तरीही भाजलंच तर? हात लगेच नळाच्या धारेखाली धरा आणि वीस मिनिटं तिथेच ठेवा. वीस मिनिटं फार वाटतात, पण आत शिरलेली उष्णता बाहेर यायला तेवढा वेळ लागतोच. सूज यायच्या आधी बांगड्या आणि अंगठी काढून ठेवा. बर्फ लावू नका. तूप, हळद, शाई, टूथपेस्ट काहीही नको. फोड फोडायचे नाहीत. वर स्वच्छ फडकं सैलसर टाका. चेहरा भाजला असेल, तळहाताएवढी जागा भाजली असेल किंवा लहान मूल असेल, तर सरळ डॉक्टरांकडे.

तळणाच्या कढईजवळ हीच वाफ आणखी दांडगाई करते. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे सोळाशे पट जागा मागते. चमचाभर पाणी म्हणजे आठ लिटर वाफ! तापलेलं तेल १०० अंशांच्या कितीतरी वर असतं, त्यामुळे ओल्या झाऱ्याचे चार थेंब पडले की तेलाच्या पोटात जाऊन तिथेच फुटतात. झारा, मिरच्या, भिजवलेले साबुदाणे नीट निथळून, पुसून घ्या. आणि तेलाने पेट घेतला तर पाणी कदापि ओतायचं नाही. पेटलेलं तेल छतापर्यंत उसळतं. गॅस बंद करा, वर ताट किंवा घट्ट झाकण सरकवा आणि निवेपर्यंत काढू नका. ही गोष्ट घरातल्या पुरुषमाणसांनाही सांगून ठेवा, कारण बादली घेऊन धावत येणारे बहुधा तेच असतात.

उरला तो स्वतः सिलिंडर. त्यात गॅस कोंबलेला असतो असं आपण म्हणतो, पण १४.२ किलो भरतात ते दाबाखाली द्रव करून. शेगडी चालू केली की द्रवाचा वायू होतो, आणि इथेही निरोपाचा खर्च आहेच. तो टाकीतून आणि भोवतालच्या हवेतून वसूल होतो, म्हणून टाकी गार लागते. थंडीत ज्योत मंदावते तीही यामुळेच. तेव्हा काही घरांत टाकी गरम पाण्याच्या परातीत ठेवतात, काही ठिकाणी आडवी करतात. दोन्ही घातक आहे. तापवल्याने आतला दाब वाढतो. आडव्या टाकीतून तर वायूऐवजी द्रवच रेग्युलेटरकडे येतो आणि मग त्याचा सुमारे अडीचशे पट वायू होतो. हा वायू हवेपेक्षा जड, जमिनीलगत साठून राहतो. वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेचं कुठलंही बटण चालू किंवा बंद करू नका, पंख्याचंसुद्धा नाही. बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकाला फोन करा. हा क्रमांक गॅसगळतीसाठीच आहे.

आणि टाकीत किती उरलं हे पाहायला ती हलवून, उचलून कंबर दुखवून घेऊ नका. ओलं फडकं वरपासून खालपर्यंत फिरवा आणि मिनिटभर थांबा. वरचा रिकामा भाग लवकर वाळतो. आत द्रव असतो तो भाग गार राहतो, तिथला ओलावा रेंगाळतो. जिथे ओली रेघ दिसेल, तिथपर्यंत गॅस आहे.