‘पूर्वी सगळे शुद्ध होते’ : एका सोयीस्कर दंतकथेविषयी

१/ पाणचक्कीचे छायाचित्र आणि त्याखाली एक ओळ : ‘तेव्हा अन्न शुद्ध होते, भेसळ कोणाला ठाऊक नव्हती.’ आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या इतिहासावर प्रेम करणाऱ्यांत हे मत जवळजवळ प्रमाण मानले जाते. त्याला आधार नाही. विरुद्ध पुरावा मात्र भरपूर आहे. म्हणून हा धागा.

२/ कौटिल्याचे ‘अर्थशास्त्र’ पाहावे. धान्य, तेल-तूप, मीठ, सुगंधी द्रव्ये व औषधे यांत दिसायला सारखी अशी दुसरी वस्तू मिसळणाऱ्यास तेथे बारा पणांचा दंड सांगितला आहे. जो गुन्हा घडतच नाही, त्याचा दंड कोणी ठरवीत नाही. ‘दिसायला सारखी’ हे शब्दही लक्षात ठेवावेत : नजरेला ओळखता येत नाही, हे तेव्हाही ठाऊक होते.

३/ आता मराठी मुलखातली मरीआईची देवळे आठवा. ती पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची देवी. नितळ दिसणाऱ्या पाण्याने आणि त्यात धुतलेल्या अन्नाने माणसे मरत होती. कारण मात्र कळत नव्हते. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कोलकात्यात तो जंतू दाखवून दिला. त्या काळाला ‘शुद्ध’ म्हणणे हा मेलेल्यांचा अपमान आहे.

४/ मग पाणचक्की कशाची साक्ष देते? व्यवस्थेची. डोंगरातले पाणी बंदिस्त नळांतून, जमिनीखालून आणलेले. त्याआधी मलिक अंबरच्या नहरीनेही खडकीला असेच भूमिगत पाणी दिले होते. ‘जुने ते शुद्ध’ हा त्याचा अर्थ नव्हे. पाणी झाकून, राखून आणावे लागते, हा आहे.

५/ कायद्याची वाटही लांब आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलमे २७२ व २७३ भेसळीविरुद्ध होती. मुंबई प्रांताने १९२५ साली स्वतंत्र कायदा केला. पण आपले शहर निजामाच्या राज्यात, तेथे तो लागू नव्हता. १९५४ चा केंद्रीय कायदा १ जून १९५५ पासून अमलात आला, तेव्हाही मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. आजचा अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा. अंमल ५ ऑगस्ट २०११ पासून.

६/ ‘आम्हाला वासावरून कळते’ म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण. साजूक तुपात वनस्पती तूप मिसळलेले ओळखू येईना, म्हणून वनस्पती तुपात ठराविक प्रमाणात तिळाचे तेल घालणे बंधनकारक करावे लागले. भेसळ असली की रासायनिक चाचणीत लाल रंग उमटे. नाकाने जे साधले नाही, ते परीक्षानळीने साधले.

७/ तरीही आपण गुलमंडीवर ‘ओळखीचे दुकान आहे’ एवढ्यावर निश्चिंत होतो. ओळख ही चाचणी नव्हे. ‘घरगुती’, ‘गावरान’, ‘पारंपरिक’ हे शब्दही चाचणी नव्हेत. ते आपल्याच इतिहासप्रेमावर लावलेले भाव आहेत. पाकिटावरचा चौदा अंकी परवाना क्रमांक मात्र आपण वाचत नाही.

८/ आणि सर्वांत उपेक्षित गोष्ट. २००६ च्या कायद्याचे कलम ४० सामान्य ग्राहकाला अधिकार देते : खरेदीच्या वेळी विक्रेत्याला तसे सांगून, शुल्क भरून, तो पदार्थ अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतो, पदार्थ नियमबाह्य ठरल्यास शुल्क परत मिळते. १९५४ च्या कायद्यातही कलम १२ असेच होते. म्हणजे हा हक्क आपल्या आजी-आजोबांच्या तरुणपणापासूनचा आहे.

९/ शुद्ध अन्न हा हरवलेला वारसा नाही. तो कधी पूर्णपणे मिळालाच नव्हता. जेवढा मिळाला तेवढा दंडाने, नळाने, प्रयोगशाळेने आणि कायद्याने मिळाला. सुवर्णयुगाच्या गोष्टी सांगून आपण भेसळ करणाऱ्यालाच मोकळे सोडतो. पाणचक्कीचे छायाचित्र जरूर टाका. पण त्याखाली कलम ४० लिहा.