दुर्मीळ आहे ती खिडकी

रात्री साडेबाराला मी फोनवर दीड पानाचं झाड विकत घेतलं. दीड म्हणजे अक्षरशः दीड : एक पान उघडलेलं, एक अजून गुंडाळलेलं. मॉन्स्टेरा अल्बो. अर्धं हिरवं, अर्धं पांढरं. किंमत ४,२०० रुपये. 'रेअर! शेवटचा एकच पीस!' असं विक्रेत्याने लिहिलं होतं. सकाळी बघितलं, तर त्याच्याकडे पुन्हा शेवटचा एकच पीस शिल्लक होता.

माझं भांडण या 'रेअर'शी आहे.

मॉन्स्टेरा हा मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या जंगलांत झाडांवर चढणारा वेल. अल्बोच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, एवढंच त्याचं वेगळेपण. डोळा असलेला तुकडा कापून लावला की दुसरं झाड तयार. त्याचा भाऊबंद थाई कॉन्स्टेलेशन तर प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाने वाढवतात. कात्रीने आणि काचेच्या बाटलीत वाढवता येणाऱ्या झाडाला दुर्मीळ म्हणायचं, तर सह्याद्रीच्या मोजक्याच कड्यांवर पावसाळ्यात उगवणाऱ्या कंदीलपुष्पांना काय म्हणायचं?

तुम्ही म्हणाल, पैसे तुझे, हौस तुझी. पैसे माझे होते, खरंय. खिडकी माझी नव्हती.

पांढरा भाग अन्न तयार करत नाही, म्हणून या झाडाला भरपूर उजेड लागतो. आमच्या भाड्याच्या वन बीएचकेत नीट उजेड येतो तो एकाच खिडकीतून. तिथे आईचं शिलाई मशीन होतं. ती साड्यांना फॉल-पिको करून देते. "दोन दिवस सरकवू का?" मी विचारलं. "सरकव की," ती म्हणाली. मशीन दाराजवळ ट्यूबलाइटखाली गेलं. दोन दिवसांचे तीन आठवडे झाले. एका संध्याकाळी ती सुई-दोरा घेऊन माझ्याकडे आली. "एवढा ओवून दे रे." आजवर तिने हे मला कधीच सांगितलं नव्हतं.

आपण स्वतःला 'प्लांट पेरेंट' म्हणवतो आणि रील्समधल्या घरांसारखा कोपरा मांडायला निघतो. त्या रील्समधली खिडकी कायम रिकामी असते. आपल्या घरात कुठली खिडकी रिकामी असते? तिथे कपड्यांची दोरी असते, आजोबांची खुर्ची असते, कुणीतरी तांदूळ निवडत बसलेलं असतं. झाडाला जागा करताना आपण त्यांना उठवतो आणि फोटो काढताना तेवढं चौकटीबाहेर ठेवतो.

झाडं आणू नका, असं मी म्हणत नाही. पण 'ऑर्डर' दाबण्याआधी त्या जागी कोण बसतं ते बघा. आणि 'सरकव की' म्हणजे होकार, असं धरून चालू नका.

रविवारी मी मशीन परत खिडकीत ठेवलं. मॉन्स्टेरा आता फ्रिजवर आहे. पांढऱ्या पानाच्या कडा तपकिरी पडायला लागल्यात. आई मशीनवरून मान वर करून रोज विचारते, "त्याला तिथे उजेड पुरतो ना रे?"