इंजिन उलटले तर चालकाने बाहेर कुठून पडायचे?

2 जून 2024 च्या पहाटे पंजाबात सरहिंदजवळ एक मालगाडी उभ्या मालगाडीवर आदळली. इंजिन उलटले आणि शेजारच्या रुळावरील प्रवासी गाडीला जाऊन भिडले. लोको पायलट आणि त्याचा सहायक आत अडकले. त्यांना समोरची काच फोडून बाहेर काढावे लागले. नंतर चर्चा झाली ती चालकाला डुलकी लागली होती का, याचीच. काच का फोडावी लागली, हे फारसे कुणी विचारले नाही. आम्ही विचारतो.

इंजिन कुशीवर पडले की एका बाजूचे दार जमिनीखाली दाबले जाते आणि दुसरे छत होऊन बसते. ते जड दार डोक्यावर उचलून उघडायचे, तेही हातपाय मोडलेल्या, अंधारात चाचपडणाऱ्या माणसाने! राहिली समोरची काच. ती दगड लागून फुटू नये म्हणूनच मजबूत केलेली असते. म्हणजे बाहेरचा दगड अडवणारी काच आतल्या माणसालाही अडवते. सुटकेची वाट इंजिन उभे आहे असे धरून आखली, तर ती नेमकी गरजेच्या वेळी बंद असणार.

कुणी म्हणेल, चूक त्याचीच होती. असेलही. पण दार उघडणे हे निर्दोष माणसाला द्यायचे बक्षीस आहे काय? आम्ही कोर्टात उभे राहणारी माणसे. आरोपीलाही जगण्याचा हक्क असतो, एवढे तरी जाणतो. आणि चूक कुणाची हे इतक्या घाईने ठरते कसे? 17 जून 2024 रोजी रंगापाणीजवळ मालगाडी कांचनजंगा एक्स्प्रेसवर आदळली. मालगाडीचा लोको पायलट जागीच गेला. रेल्वेच्या वरिष्ठांनी त्याच दिवशी दोष त्याच्यावर टाकला. पुढे रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत सदोष परवानापत्र आणि अपुरे प्रशिक्षण बाहेर आले. मेलेला माणूस खुलासा द्यायला येत नाही, हे वरिष्ठांच्या सोयीचेच असते.

'कवच' बसवले की टक्करी टळतील, असे सांगितले जाते. कवच जरूर बसवा. पण 16 जून 2004 रोजी कोकण रेल्वेवर करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस पुलावरून कोसळली ती रुळावर आलेल्या दगडांमुळे. दरडीला सिग्नल कळत नाही.

रेल्वे कायदा 1989 च्या कलम 124 मध्ये कामावरचा रेल्वे नोकरही प्रवासी धरला आहे. पण तो हिशेब भरपाईचा, म्हणजे माणूस गेल्यावरचा. अमेरिकेत 2006 च्या नियमाने नव्या इंजिनांत चालकांसाठी आपत्कालीन सुटकेची वाट आणि आपत्कालीन दिवा सक्तीचा केला. आपल्या वस्त्यांतली कितीतरी पोरे रेल्वे भरतीची परीक्षा देऊन याच कॅबमध्ये बसतात. त्यांच्या आयांना धनादेश नको आहे.

म्हणून लखनौच्या आरडीएसओने इंजिन कोणत्याही कुशीवर पडले तरी एक तरी वाट खुली राहील, असे बंधनकारक मानक करावे. आतून काढता येणारी काच, हाताशी हातोडा, वीज गेल्यावरही जळणारा दिवा, एवढ्याला काही फार मोठे शास्त्र लागत नाही. आणि कलम 114 खालच्या प्रत्येक चौकशीत चालक कसा बाहेर आला, किंवा का आला नाही, याची वेगळी नोंद व्हावी. रनिंग स्टाफच्या संघटनांनी ही मागणी लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.