मोटारींची शर्यत आणि कच्चा लिंबू

परवा दवाखान्यात एक आजोबा आले. आमच्या पूर्व भागातले, चाळीस वर्षे यंत्रमागावर चादरी विणलेले. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या अंगावरून वारे गेले. पाय सुधारला, जीभ सुधारली, डावा हात मात्र अजून मांडीवर ठेवला की तिथेच राहतो. आले होते रक्तदाब तपासायला, पण तक्रार सुनेची होती. "डॉक्टर, मुलगा टीव्हीवर मोटारींची रेस खेळतो, ते एक असो. आता मामंजीही त्याच्या जोडीला बसायला लागलेत. जेवण थंड होतं. हाक मारली की दोघंही म्हणतात, थांब, शेवटची फेरी. तुम्ही तरी सांगा यांना."

आजोबा मान खाली घालून हसत होते.

वाचकहो, डोळे, झोप, व्यायाम हे नेहमीचे पाठ मला तोंडपाठ आहेत. पण त्याआधी मी विचारले, "आजोबा, एका हाताने खेळता कसे?" ते म्हणाले, "गाडी आपली आपण पळते की. आपण नुसती वळवायची. आणि मागं पडलो की नातवापेक्षा मला जास्त जोर मिळतो." या उत्तरावरच आजचे सदर लिहीत आहे.

आमच्या लहानपणी गल्लीत सायकलचे जुने टायर काठीने पळवायच्या शर्यती लागत. पंक्चरवाल्याकडून टायर फुकट मिळे आणि नियम कोणी शिकवावा लागत नसे. पुढे जाईल तो पुढे. शर्यतीची ही गंमत कोणालाही बघताक्षणी कळते. क्रिकेटमधला पायचीत समजायला चार उन्हाळे जातात, शर्यत समजायला चार सेकंद पुरतात. गड्ड्याच्या यात्रेत धक्क्याच्या मोटारींपुढे आजीपासून नातवापर्यंत सगळे रांगेत का उभे राहतात, त्याचेही कारण हेच असावे. तिथे परवाना लागत नाही आणि आपटले तर हसू येते.

मात्र टायरच्या शर्यतीत एक अडचण होती. मोठी पोरे नेहमीच जिंकत. त्यावर आपल्या खेळांनी जुना तोडगा काढला होता, तो म्हणजे कच्चा लिंबू. धाकट्या भावंडाला खेळात घ्यायचे, पण बाद करायचे नाही. आईने "याला घेतल्याशिवाय खेळायचं नाही" असा दम दिलेला असे, त्यातून निघालेली ही वाट. त्यात एक दुखरी बाजूही होती. कच्च्या लिंबाला ठाऊक असे की आपण धरले जातो आहोत, पण मोजले जात नाही.

नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम आले. कॅसेटवर ९९९९९ खेळ असे छापलेले असे. प्रत्यक्षात दहा-पंधरा खेळ आलटून पालटून येत. 'रोड फायटर'मधली लाल मोटार आठवत असेल. तो एकट्याचा खेळ होता, पण एक खेळे आणि सहाजण पाठीमागून ओरडत. पेट्रोल संपले की रिमोट दुसऱ्याच्या हाती. पुढे मोबाईलवर २०१२ साली फिनलंडच्या कंपनीचा 'हिल क्लाइंब रेसिंग' आला. त्यात एक गॅस आणि एक ब्रेक, एवढेच. माझ्या दवाखान्याच्या बाकावर नंबराची वाट पाहणारे बाप-लेक एकाच फोनवर "माझे किती मीटर, तुझे किती" असे करत बसलेले मी पाहिले आहेत.

कच्च्या लिंबाचे दुखणे खरे मिटवले ते जपानच्या निन्टेन्डो कंपनीने. १९९२ साली त्यांचा 'सुपर मारिओ कार्ट' आला. दोघांसाठी पडद्याचे दोन भाग, आणि वाटेतल्या चौकटीवरून मोटार गेली की काहीतरी हाती लागते. जो पुढे आहे त्याला बहुधा केळीची साल मिळते. जो शेवटी आहे त्याला वेग मिळतो, वीज मिळते. म्हणजे कच्चा लिंबू खेळात तर राहतोच, शिवाय मोजलाही जातो, आणि कधीमधी जिंकतोसुद्धा. सराईत खेळाडू याला अन्याय म्हणतात. मी म्हणत नाही. सराईताने सराईताशी खेळावे. घरच्या खेळाचा नियम घर बघूनच असावा.

त्याच मालिकेत २०१७ साली आलेल्या खेळात गाडी आपोआप पळत ठेवण्याची आणि रस्त्याबाहेर जाऊ न देण्याची सोय आहे. २०२३ च्या 'फोर्झा मोटरस्पोर्ट'मध्ये तर वळण कुठे आहे हे आवाजावरून कळते, त्यामुळे दृष्टिहीन माणूसही शर्यतीत उतरू शकतो. हे वाचून मला आपल्या शाळांची क्रीडासंमेलने आठवली. पोलिओ झालेला मुलगा आमच्या वेळी फक्त निकालाची पाटी धरून उभा असे.

आता वैद्यकाचे. २०१३ साली 'नेचर' या नियतकालिकात सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांचा अभ्यास आला. ६० ते ८५ वयाच्या माणसांना एक मोटारीचा खेळ दिला. गाडी रस्त्यावर ठेवायची आणि मध्येच ठरावीक खूण दिसली तर बटण दाबायचे. खेळणाऱ्याची कुवत पाहून खेळ सोपा-अवघड होत असे. महिनाभराच्या सरावानंतर, दोन कामे एकदम करण्यात ही मंडळी सराव न केलेल्या विशीतल्या तरुणांच्याही पुढे गेली, आणि हा फायदा सहा महिन्यांनंतरही दिसला. म्हणून टीव्हीवरची प्रत्येक रेस औषध ठरत नाही. अर्धांगवायूत अशा पडद्यावरच्या खेळांचा उपयोग होतो तो नेहमीच्या व्यायामाला जोड म्हणून. व्यायामाच्या जागी नव्हे. आजोबांचा डावा हात रेसने उचलणार नाही. तो उचलायचा तर चेंडू दाबायलाच हवा.

पण अर्धांगवायूनंतर पुष्कळ माणसांना उदासीनता घेरते, ते दुखणे एक्स-रेत दिसत नाही. या आजोबांशी दोन वर्षांत घरात कोणी पैज लावली नव्हती. सगळे जपत होते, औषध देत होते, उशी सारखी करत होते. त्यांना हरवायला मात्र कोणी तयार नव्हते. नातू झाला.

हाच खेळ नातू एकटा, कानात बोंडे घालून, रात्री एक वाजता पांघरुणात खेळू लागला तर माझे मत वेगळे. तिथे "शेवटची फेरी" म्हणणारा जोडीदार नसतो, दोन मिनिटांनी जाहिरात येते आणि नवी मोटार हवी तर पैसे भरा म्हणून सांगते. तीन मिनिटांत संपणारी शर्यत हा या खेळाचा गुण. एकट्याच्या हाती तोच अवगुण होतो, कारण तीन मिनिटे कितीदाही सापडतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली खेळाच्या व्यसनाला आजारांच्या यादीत घेतले. खेळावर ताबा न राहणे, इतर सगळ्याआधी खेळ, आणि नुकसान दिसत असूनही थांबता न येणे, हे साधारण वर्षभर चालले तर त्याला आजार म्हणायचे. मे महिन्याच्या सुटीत चार दिवस जास्त खेळला म्हणून पोराला व्यसनी ठरवू नका. ज्यांच्या घरी फिट येणारे मूल आहे त्यांनी मात्र लुकलुकणाऱ्या पडद्याबाबत आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे, आणि अंधाऱ्या खोलीत कोणीच खेळू नये.

सुनेला मी तिघांचा तोडगा सांगितला. जेवणाआधी पाच शर्यती, टीव्हीपासून आठ-दहा फूट लांब, दिवा लावून. दोन शर्यतींच्या मध्ये आजोबांनी डाव्या हाताने चेंडू वीस वेळा दाबायचा आणि मोजायचे काम नातवाचे. पाचवी शर्यत सुनेने खेळायची. ती म्हणाली, "मला कुठं येतंय डॉक्टर!" आजोबा म्हणाले, "येतं गं. मागं राहा, जोर मिळतो."

रक्तदाब १४०/९० होता. गोळी तीच ठेवली, पुढच्या वेळी सकाळी या म्हटले.