बालीतला बांध

बालीला निघालो तेव्हा नेरळजवळच्या आमच्या कळंबात जो तो एकच विचारत होता, "समुद्रावर जाणार ना?" गेलो. पाय भिजवले आणि तासाभरात कंटाळलो. सोबत आलेल्या दाजींनी तर बूटही काढले नाहीत. त्यांचा जीव रमला तो जातिलुविहला, डोंगरावरून पायऱ्यापायऱ्यांनी उतरलेल्या भातखाचरांत.

तिथे पाटात एक ओंडका आडवा टाकलेला. त्याला खाचा पाडलेल्या, कुठे रुंद, कुठे अरुंद. ज्याचं शेत मोठं त्याची खाच रुंद. दाजी उकिडवे बसून वितीने खाचा मोजत राहिले. मग म्हणाले, "रात्री गुपचूप दगड सरकवायची सोयच ठेवली नाही रे यांनी!" आमच्याकडे राजनाल्याच्या कालव्याचं पाणी जिथे पोचतं तिथली माणसं उन्हाळी भातही काढतात, आमच्या शेताला पाऊस हाच पाट. तरी बांधावरची भांडणं काही कमी नाहीत.

बालीत पाणीवाटप करणाऱ्या शेतकऱ्यांच्या मंडळाला 'सुबक' म्हणतात. नाव ऐकून आम्ही हसलो, पण कारभार खरंच सुबक. पाणी कधी सोडायचं, लावणी कधी, शेतं रिकामी कधी ठेवायची, हे देवळाच्या साक्षीने ठरतं. २०१२ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हटलं. पण सत्तरच्या दशकात सरकारनेच ही घडी विस्कटली होती. नवं बियाणं आलं, लागोपाठ पिकं घ्या म्हणून आग्रह झाला आणि तुडतुडे माजले. पुढे स्टीफन लान्सिंग या मानववंशशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की सगळ्यांनी एकदम शेतं मोकळी ठेवली की किडीला खायलाच उरत नाही. पुजाऱ्यांचं वेळापत्रक खुळं नव्हतं.

इंडोनेशियात सतरा हजारांवर बेटं, बहुतेक लोक मुसलमान. बाली तेवढं हिंदू. त्यांचा शकही आपल्यासारखाच, इसवी सनाच्या ७८ वर्षं मागे. २०२३ साली आपला पाडवा आणि त्यांचं नववर्ष 'न्येपी' एकाच दिवशी आले, २२ मार्चला. आपण गुढी उभारतो, ढोल बडवतो. ते दिवसभर दिवा लावत नाहीत, घराबाहेर पडत नाहीत, विमानतळसुद्धा बंद ठेवतात. हे मला मनापासून आवडलं. कळंबात सुचवून बघायची माझी हिंमत नाही.

भाताच्या बाबतीत मात्र ते आपल्यापेक्षा काटेकोर. शेतातलं ते 'पादी', कांडलेला तांदूळ 'बेरास', शिजला की 'नासी'. आपण शेतातलं आणि ताटातलं, दोन्हीला भातच म्हणून मोकळे.

परतीच्या वाटेवर एका हिरव्यागार खाचरात पाटी दिसली. दाजींनी ड्रायव्हरला विचारलं, "काय लिहिलंय?" तो सांगायच्या आत मीच सांगितलं. भाषा येत नव्हती, पण शेताच्या मधोमध ठोकलेले दोन खांब, लाल अक्षरं आणि खाली मोबाईल नंबर, एवढं नेरळ-कळंब रस्त्यावर रोज वाचतो.