मल्टिमीटरचा कौल

सीआर२०३२ हा बटन सेल आता घरोघर पोचला आहे. गाडीच्या रिमोट चावीत तो असतो, संगणकाच्या मदरबोर्डवर असतो, रक्तातली साखर तपासायच्या यंत्रातही असतो. कोणत्या कंपनीचा घ्यावा, यावर एका तज्ज्ञांनी नुकताच निकाल दिला. चार कंपन्यांचे सेल आणले, मल्टिमीटर टेकवला, चौघांवरही तीन व्होल्टच्या वर आकडा उमटला. झालं! सगळे सेल सारखे, सगळे चीनमधूनच येतात, पाकिटावरची तारीख ही विक्रीची युक्ती. तेव्हा सगळ्यांत स्वस्त तो घ्यावा. एवढं संशोधन चहा गार व्हायच्या आत उरकलं.

शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण त्यासाठी शीत निदान दाबून बघावं लागतं. मल्टिमीटर सेलला दाबतच नाही. व्होल्टेज मोजताना तो सेलकडून नगण्य प्रवाह घेतो. त्यातून या लिथियम-मँगनीज डायऑक्साइड सेलचा स्वभाव असा, की हलक्या कामावर त्याचं व्होल्टेज बहुतेक आयुष्यभर तीनच्या आसपास टिकतं आणि अखेरीस भराभर घसरतं. म्हणजे अर्धा वापरलेला सेलही मीटरवर ठणठणीतच दिसणार. चावीचं बटण दाबलं की आतला ट्रान्समीटर क्षणभर दहाएक मिलिअँपिअर मागतो. सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असेल तर नेमकं त्याच क्षणी व्होल्टेज कोसळतं आणि दार उघडत नाही. तोच सेल काढून तज्ज्ञांकडे न्यावा, तर ते मीटर टेकवून तो उत्तम असल्याचा दाखला देतील! सेलला ३०० ओहमचा रेझिस्टर जोडून काही सेकंद मोजलं असतं, तर दहा मिलिअँपिअरच्या भाराखाली कोण टिकतो ते कळलं असतं. पण त्यासाठी रेझिस्टर विकत आणावा लागला असता.

क्षमतेची गोष्ट तर दूरच. पॅनासोनिक आपल्या सीआर२०३२ची क्षमता २२५ मिलिअँपिअर-तास सांगते, एनर्जायझर २३५. एनर्जायझरचा आकडा १५ किलोओहमच्या भारावर, दोन व्होल्टपर्यंतचा आहे. प्रवाह साधारण ०.२ मिलिअँपिअर, म्हणजे एक सेल रिकामा करायलाच दीड महिन्याहून जास्त वेळ हवा. नामांकित कंपन्यांत फारसा फरक नाही, एवढंच म्हटलं असतं तर वाद नव्हता. तज्ज्ञांनी निनावी सेलही त्याच पंगतीत बसवला.

हा खाक्या जुनाच आहे. ट्रान्झिस्टरचे सेल उन्हात ठेवून ‘भरणारे’ असेच हिरीरीने भांडत. उष्णतेने आतल्या क्रियेला तात्पुरता वेग येई, रेडिओ थोडा वेळ बोले. खर्ची पडलेलं जस्त काही परत येत नसे. तेव्हाही पुरावा एकच होता : लागला की नाही?

बाकीचे मुद्दे चुटकीसरशी निकालात निघतात. पॅनासोनिकच्या सेलवर ‘इंडोनेशिया’ आणि मॅक्सेलच्या सेलवर ‘जपान’ छापलेलं आढळतं. ते वाचायला मीटर लागत नाही. वर्षाला टक्काभर का होईना, सेल पडून राहिला तरी उतरतो, म्हणून तारीख छापतात. आणि सगळे सारखे म्हणावेत, तर ड्युरासेलच्या बटन सेलवर मुलांनी तो गिळू नये म्हणून कडू थर असतो, आणि असा थर असलेला सेल एअरटॅगमध्ये कदाचित चालणार नाही, असं खुद्द ॲपलच सांगते.

मग घ्यावा कोणता? ज्याची तांत्रिक माहिती कंपनी जाहीर करते, जो बंद पाकिटात मिळतो आणि ज्यावर तारीख आहे, तो. भाव नगावर न काढता महिन्यांवर काढावा : समजा दहा रुपयांचा सेल चावीत चार महिने चालला आणि तीस रुपयांचा दोन वर्षं, तर महागडाच निम्म्या खर्चात पडला. साखर तपासायच्या यंत्रात काटकसर नको. भिंतीवरच्या घड्याळाला लिथियमचा पेन्सिल सेल नको, तिथे साधा पुरतो. सेल बदलल्यावर चावीवर तारीख लिहून ठेवली, की पुढच्या खरेदीला हिशेब तयार असतो.