पैसे परत हवेत, पण कधी?

अप्रेझल झालं, इन्क्रिमेंटचं लेटर हातात पडलं की आपल्या डोक्यात दोन कप्पे उघडतात. पहिला एसआयपी, पीपीएफ वगैरेंचा. तिथे आपण अर्ध्या टक्क्यासाठी जीव टाकतो. दुसरा देणगीचा. तिथे हजार-पाचशे द्यायचे, पावती जपून ठेवायची आणि विसरून जायचं. या दोन कप्प्यांच्या मधोमध एक तिसरा कप्पा आहे, 'इम्पॅक्ट इन्व्हेस्टिंग'. माझ्या ओळखीतल्या एमबीएवाल्यांच्या तोंडी हा शब्द इतक्यांदा ऐकला, की म्हटलं, आज याचीच उलटतपासणी करू या.

अर्थ तसा सोपा आहे. पैसे अशा उद्योगात घालायचे, ज्यातून लोकांचं काही भलं होईल आणि आपले पैसेही परत येतील, जमलं तर थोडा नफा घेऊन. हे नाव पुढे आलं २००७ साली, इटलीत बेलाजिओला झालेल्या रॉकफेलर फाउंडेशनच्या बैठकीतून. अटी तीन. भलं करायचा हेतू आधीपासून हवा, परताव्याची अपेक्षा हवी आणि झालेलं भलं मोजता यायला हवं. औषध कंपनीचे शेअर्स घेतले आणि तिच्या गोळीनं कुणाचा ताप उतरला, तर ते पुण्य तुमच्या खात्यात जमा होत नाही!

खरी गोम आहे ती 'परतावा' या शब्दात. किती हवा आणि किती लवकर हवा? यासाठी दोन गोष्टी सांगते. दोन्ही गरीब बायकांना छोटी कर्जं देण्याच्या, आणि दोन्ही साधारण एकाच वेळी सुरू झालेल्या.

पहिली म्हसवडची. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातलं हे गाव. हातावर पोट असलेल्या बायकांना रोजचे चार पैसे साठवायचे होते, पण एवढ्याशा रकमेचं खातं उघडायला बँका तयार नव्हत्या. चेतना गाला सिन्हा यांनी मग बायकांचीच बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज नाकारला, कारण प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. बायका अक्षरं गिरवायला बसल्या आणि पुन्हा साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या माणसांना कॅल्क्युलेटर घेऊ द्या, असं त्यांनी थेट आव्हानच दिलं. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. इथे शेअरहोल्डर बायकाच, ठेवीदार बायकाच आणि कर्जदारही बायकाच. व्याज फार वाटलं तर सभेत उठून जाब विचारणारीही त्यांच्यातलीच एक.

दुसरी गोष्ट आंध्रातली. विक्रम अकुला यांची एसकेएस ही सुरुवातीला स्वयंसेवी संस्था होती. मोठी रक्कम उभी करायची म्हणून २००५ साली तिचं कंपनीत रूपांतर झालं. मग सिक्वोयासारखे बडे गुंतवणूकदार आले आणि कर्जदार बायकांची संख्या लाखोंवर गेली. ऑगस्ट २०१०मध्ये आयपीओ आला. ९८५ रुपयांचा शेअर, मागणी जवळजवळ चौदा पट, सगळीकडे वाहवा! पण दरवर्षी आकडे फुगलेले दाखवायचे, तर कर्जंही त्याच वेगानं वाटायला हवीत. त्या भागात अनेक कंपन्या याच शर्यतीत होत्या. एकेका बाईच्या नावावर तीन-चार कर्जं, हप्ता दर आठवड्याला. कर्जबाजारी लोकांच्या आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या, वसुलीच्या दडपणावर बोट ठेवलं गेलं. ऑक्टोबर २०१०मध्ये आंध्र सरकारनं वटहुकूम काढून वसुलीवर कडक बंधनं घातली आणि परतफेड जवळपास थांबलीच. दोनेक वर्षांत शेअर शंभराच्याही खाली!

म्हणजे नफा वाईट का? अजिबात नाही. बाहेरचं भांडवल आलं नसतं, तर एसकेएस इतक्या बायकांपर्यंत इतक्या लवकर पोचलीच नसती. माणदेशीचा पसारा त्यामानानं लहान आहे, आणि सावकाशीचीही किंमत असते. रांगेतल्या पुढच्या गावाला ती मोजावी लागते. पण शेळी व्यायला लागणारा वेळ गुंतवणूकदाराच्या तिमाही निकालासाठी थांबत नाही नि घाईही करत नाही. उतावळा पैसा आला की त्याच्या घाईचा भार शेवटी कर्जदार बाईवर पडतो. थांबायची तयारी असलेल्या पैशाला या धंद्यात 'पेशंट कॅपिटल' म्हणतात, ते उगाच नाही.

तेव्हा कुणी 'सोशल इम्पॅक्ट'चं चकचकीत प्रेझेंटेशन घेऊन आलं, तर तीन प्रश्न विचारा. पैसे परत कधी मागणार? भलं झालं हे कोण मोजणार, तुम्ही स्वतःच की बाहेरचा कुणी? आणि धंदा बसला, तर आधी कोण बुडणार, गुंतवणूकदार की गिऱ्हाईक?

सुरुवात छोटी करायची असेल, तर बीएसई आणि एनएसईवर आता सोशल स्टॉक एक्स्चेंज आहे. सेबीनं २०२२मध्ये त्याची चौकट आखली. तिथल्या स्वयंसेवी संस्थांच्या रोख्यांचं नाव आहे 'झिरो कूपन झिरो प्रिन्सिपल'. व्याज शून्य, मुद्दलही शून्य! २०२५पासून त्यात किमान हजार रुपयेही घालता येतात. नाव रोख्याचं असलं तरी ही देणगीच. फरक एवढाच, की संस्थेला कामाचा हिशेब दरवर्षी जाहीर करावा लागतो. या हजार रुपयांवर परतावा म्हणून तो हिशेबच मिळणार आहे. तेवढा तरी शेवटच्या पानापर्यंत वाचा!